इतिवृत्तातील फ्लोराइड

अमेरिकेतील लहान शहरांचा कारभार ज्या नगरपरिषदांमार्फत चालतो, त्यांत साधारणतः पाच, सात किंवा नऊ निवडून आलेले सदस्य असतात. त्यांतील बहुतेकांचा चरितार्थ दुसऱ्याच एखाद्या व्यवसायावर चालतो, आणि महिन्यातून दोन वेळा, दिवसभराची कामे आटोपून, ते संध्याकाळी सभेला येऊन बसतात. दैनंदिन प्रशासनासाठी अनेक ठिकाणी परिषदेनेच नेमलेला पगारी नगर-व्यवस्थापक असतो. व्हर्जिनियातील स्टॉन्टन या शहराने १९०८ मध्ये असा अधिकारी प्रथम नेमला आणि १९१४ मध्ये ओहायोतील डेटन शहराने हीच पद्धत अंगीकारल्यावर ती देशभर पसरली. महाराष्ट्रातील नगरपरिषदेचा मुख्याधिकारी राज्य शासनाकडून येतो, तर तिथला व्यवस्थापक परिषदेच्या मर्जीने येतो आणि तिच्याच मर्जीने जातो, एवढा फरक ध्यानात घेतला म्हणजे बाकीची रचना मराठी वाचकाला फारशी अनोळखी वाटणार नाही. या रचनेत आणखी एक पद असते, ज्याच्याकडे सभागृहात येणाऱ्यांचे सहसा लक्ष जात नाही, ते म्हणजे नगरलिपिकाचे. विषयपत्रिका तयार करणे, सभेची सूचना मुदतीत प्रसिद्ध करणे, गणपूर्ती झाली की नाही हे पाहणे, नावे पुकारून मते नोंदवणे आणि शेवटी सभेचे इतिवृत्त लिहून ते जतन करणे, ही त्याची कामे. पुढील विवेचन मध्यपश्चिमेकडील, वीस हजारांच्या आतील वस्तीच्या एका शहरात अशा खुर्चीवर दोन दशकांहून अधिक काळ काढलेल्या लिपिकाच्या अनुभवाच्या आधारे केलेले आहे. पाण्यात फ्लोराइड घालण्याचा वाद त्याच्या कारकिर्दीत तीन वेळा सभेपुढे आला.

विषयपत्रिकेच्या आरंभी 'संमतीचे विषय' अशी एक यादी असते. मागील सभेचे इतिवृत्त कायम करणे, देयकांना मंजुरी देणे, हिवाळ्यात बर्फ वितळवण्यासाठी रस्त्यांवर टाकायच्या मिठाची खरेदी, मिरवणुकीसाठी एखादा रस्ता चार तास बंद ठेवणे, मद्यविक्रीच्या परवान्यांचे नूतनीकरण, ग्रंथालयाच्या मंडळावरील नेमणूक, पाणीपुरवठा विभागातील एखादा पंप किंवा झडप बदलणे, असे दहापंधरा विषय तिच्यात एकत्र बांधलेले असतात, आणि कोणा सदस्याने एखादा विषय वेगळा काढण्याची मागणी केली नाही तर सूचक आणि अनुमोदक यांच्या नावांनिशी ते सगळे एकाच मताने मंजूर होतात. या साऱ्याला दोन मिनिटेही पुरतात. त्यानंतर येतात ते ठराव आणि उपविधी. ठराव एकाच सभेत संमत होऊ शकतो. उपविधी म्हणजे शहरापुरता कायदा, आणि त्याचे बहुतेक ठिकाणी दोन किंवा तीन वेगवेगळ्या सभांत वाचन व्हावे लागते व मध्ये जाहीर सुनावणी घ्यावी लागते, म्हणजे घाईत केलेल्या निर्णयाला थंड होण्यास अवसर मिळतो आणि ज्यांना बोलायचे आहे त्यांना सभेची वाट सापडते.

इतिवृत्त कसे लिहावे याविषयी या सभागृहांत बहुतेक ठिकाणी प्रमाण मानले जातात ते हेन्री मार्टिन रॉबर्ट या लष्करी अभियंत्याने १८७६ मध्ये प्रसिद्ध केलेले सभानियम. त्यांतील एक नियम नवशिक्या लिपिकाला सर्वांत जड जातो: सभेत काय केले गेले ते लिहावे, काय बोलले गेले ते नाही. नियमामागील विचार योग्यच आहे. लिपिकाने भाषणांचा सारांश लिहायला घेतला की कोणाचे वाक्य निवडायचे आणि कोणाचे गाळायचे याचा अधिकार न निवडलेल्या माणसाकडे जातो, आणि प्रत्येक पुढची सभा मागच्या सभेच्या शब्दांवरून भांडण्यात जाते. परंतु ज्या रात्री चाळीस-पन्नास नागरिक एकामागून एक उभे राहून आपल्या मुलांविषयी, आपल्या शरीराविषयी, आपल्या भीतीविषयी बोलतात, त्या रात्रीचे चार तास शेवटी तीन ओळींत उतरतात: सुनावणी अमुक वाजता उघडली, अमुक वाजता बंद झाली, उपविधीचे दुसरे वाचन चार विरुद्ध तीन मतांनी संमत झाले. या तीन ओळी लिहिताना हात जड होतो, असा या पेशातील अनेकांचा अनुभव आहे, आणि तो खोटा म्हणता येणार नाही.

वादाचा विषय नेमका काय आहे हे आधी सांगणे आवश्यक आहे. फ्लोराइड हा खडकांतून झिरपून भूजलात येणारा, निसर्गतःच कमीअधिक प्रमाणात सर्व पाण्यांत असलेला घटक आहे. अन्नातील साखरेवर जगणारे जंतू तोंडात आम्ल तयार करतात, त्या आम्लाने दाताच्या वरच्या कठीण आवरणातील खनिजे विरघळतात, आणि लाळेत अल्प फ्लोराइड असले तर ती खनिजे पुन्हा आवरणात बसण्याची क्रिया सुलभ होऊन दात किडण्याचा वेग मंदावतो. पाण्यात ते मुळात कमी असेल तर ठरावीक पातळीपर्यंत वाढवणे याला फ्लोराइडीकरण म्हणतात. अमेरिकेतील शिफारस १९६२ पासून हवामानानुसार लिटरमागे ०.७ ते १.२ मिलिग्रॅम अशी होती, कारण उष्ण प्रदेशात माणूस पाणी जास्त पितो. २०१५ मध्ये ती सर्वत्र ०.७ करण्यात आली, कारण दंतमंजन आणि इतर मार्गांनी फ्लोराइड मिळण्याचे प्रमाण मधल्या काळात वाढले होते.

या ज्ञानाचा उगम मात्र फ्लोराइडच्या उपकारातून झाला नाही, तर अपकारातून झाला. फ्रेडरिक मॅके या तरुण दंतवैद्याला १९०१ मध्ये कोलोरॅडो स्प्रिंग्ज येथे स्थानिक मुलांच्या दातांवर तपकिरी डाग दिसले, आणि पुढे असेही दिसले की हे डागाळलेले दात फारसे किडत नाहीत. डागांचे कारण पाण्यातील जादा फ्लोराइड आहे हे १९३१ मध्ये एका ॲल्युमिनियम कंपनीचे रसायनतज्ज्ञ एच. व्ही. चर्चिल यांच्या पृथक्करणातून उघड झाले, आणि शासकीय दंतवैद्य एच. ट्रेंडली डीन यांनी अनेक शहरांतील मुलांचे दात तपासून असे दाखवले की लिटरमागे सुमारे एक मिलिग्रॅमपर्यंत डाग नगण्य असतात आणि कीड मात्र कमी होते. मिशिगनमधील ग्रँड रॅपिड्सच्या नगर आयोगाने १९४४ मध्ये मान्यता दिली आणि २५ जानेवारी १९४५ रोजी त्या शहराच्या पाण्यात जगात प्रथम हेतुपुरस्सर फ्लोराइड घालण्यात आले. तुलनेसाठी शेजारचे मस्कीगन शहर फ्लोराइडविना ठेवण्यात आले होते; पण ग्रँड रॅपिड्समधील मुलांचे दात सुधारत असल्याचे दिसू लागल्यावर १९५१ मध्ये मस्कीगननेही फ्लोराइड सुरू केले आणि तुलनेचे शहर उरले नाही. प्रयोग सुरू झाल्यानंतर जन्मलेल्या ग्रँड रॅपिड्सच्या मुलांत दंतक्षय साठ टक्क्यांहून अधिक घटल्याचे अकरा वर्षांनी जाहीर झाले.

मराठी वाचकाला या कथेचा पूर्वार्ध ओळखीचा आहे. यवतमाळ, चंद्रपूर, नांदेड या जिल्ह्यांतील कित्येक गावांत बोअरवेलचे पाणी पिऊन मुलांचे दात पिवळे-तपकिरी झाले आणि प्रौढांची हाडे आखडली, ते ह्याच घटकामुळे, फक्त त्याचे प्रमाण कित्येक पटींनी जास्त होते म्हणून. भारतीय मानकात लिटरमागे १ मिलिग्रॅम ही इष्ट मर्यादा आणि दुसरा स्रोतच नसेल तर १.५ ही कमाल मर्यादा आहे. नागपूरच्या नीरी संस्थेने तुरटी, चुना आणि ब्लीचिंग पावडर यांच्या साह्याने फ्लोराइड काढून टाकण्याची जी साधी रीत बसवली, ती नलगोंडा पद्धत म्हणून ओळखली जाते. एकाच घटकासाठी एका देशातील अभियंते तो काढण्याच्या खटपटीत आणि दुसऱ्या देशातील अभियंते तो घालण्याच्या खटपटीत असावेत यात विसंगती नाही. दोघांचेही काम मुळात एकच आहे, ते म्हणजे मात्रा राखण्याचे. नगरपरिषदेच्या वादात नेमकी हीच बाब बाजूला पडते, आणि लिपिकाच्या अनुभवाचा गाभा तोच आहे.

सुनावणीच्या रात्री प्रत्येक वक्त्याला तीन मिनिटे मिळतात. व्यासपीठाजवळ हिरवा, पिवळा आणि लाल असे तीन दिवे असतात आणि त्यांची कळ लिपिकाच्या हाताखाली असते, त्यामुळे बोलणाऱ्याचा गळा दाटून आला असताना लाल दिवा लावण्याचे कामही त्याच्याच वाट्याला येते. दंतवैद्य येतात आणि गुंगी देऊन पाच-सहा दात एकदम काढावे लागलेल्या चार वर्षांच्या मुलांविषयी सांगतात. एखादी आई येते आणि विचारते की तान्ह्या बाळाचे दूध ज्या पाण्यात कालवायचे त्या पाण्यात काय असावे हे ठरवण्याचा हक्क तिचा की परिषदेचा. मूत्रपिंडाच्या विकाराने त्रस्त असलेले, गाळणीवर खर्च करू न शकणारे वृद्ध येतात. विरोधकांना अडाणी ठरवून मोकळे होण्याची सवय काही समर्थकांना असते आणि ती अन्याय्य आहे, कारण संमतीचा प्रश्न खरा आहे: नळाचे पाणी ही अशी वस्तू आहे की ती नाकारायची तर शहरच सोडावे लागते. तितकाच खरा प्रश्न त्या मुलांचाही आहे, ज्यांच्या घरी दंतवैद्याची फी परवडत नाही आणि ज्यांच्यासाठी नळातून येणारी ती अल्प मात्रा हाच एकमेव दंतोपचार असतो. ही मुले सभेला येत नाहीत, आणि त्यांचे आईवडील त्या वेळी बहुधा दुसऱ्या पाळीच्या कामावर असतात.

या सगळ्यात सर्वांत मागच्या रांगेत जलशुद्धीकरण केंद्राचा चालक बसलेला असतो. त्याला व्यासपीठाकडे बोलावले जाते ते बहुधा एकाच प्रश्नासाठी, वर्षाचा खर्च किती. तीनही सुनावण्यांत मिळून, मात्रा रोज कोण तपासतो, यंत्र बिघडले तर काय होते, तपासणीचा आकडा चुकला तर कोणाला कळते, हे प्रश्न एकाही सदस्याने आणि एकाही नागरिकाने विचारल्याचे लिपिकाच्या स्मरणात नाही. वास्तविक वादातील दोन्ही बाजूंना ज्याचे उत्तर हवे असायला हवे होते, ते त्या माणसाच्या कामात होते.

ते काम असे. मोठ्या व मध्यम केंद्रांत सहसा हेक्झाफ्लुओरोसिलिसिक आम्ल वापरले जाते, जे फॉस्फेट खतांच्या कारखान्यांत उपउत्पादन म्हणून मिळते. लहान केंद्रांत सोडियम फ्लोराइडची पूड पाण्यात विरघळवून वापरण्याचीही रीत आहे. हे आम्ल इतके तीव्र असते की त्याच्या वाफांनी साठवणीच्या खोलीतील खिडकीच्या काचा धुरकट होतात, म्हणून ती खोली वेगळी ठेवावी लागते आणि चालकाला हातमोजे, मुखकवच व झगा घालूनच आत जावे लागते. मोठ्या टाकीतून आम्ल थेट पाण्यात सोडले जात नाही. ते आधी एक दिवसापुरत्या छोट्या टाकीत घेतात, म्हणजे पंप अडकून सगळे आम्ल वाहून गेले तरी एका दिवसापेक्षा जास्त मात्रा जाणार नाही. मात्रा सोडणाऱ्या पंपाची वीज मुख्य जलपंपाच्या विजेला अशी जोडलेली असते की पाणी वाहत नसेल तेव्हा फ्लोराइडही वाहू नये, आणि नळीत एक झडप असते जी आम्ल आपोआप ओढले जाण्यास प्रतिबंध करते. छोटी टाकी तराजूवर ठेवून रोज किती आम्ल गेले ते मोजतात, शुद्ध पाण्याचा नमुना घेऊन त्यात किती फ्लोराइड आहे ते पाहतात, दोन्ही आकडे वहीत लिहितात, आणि ठरावीक काळाने एक नमुना राज्याच्या प्रयोगशाळेकडे धाडतात. यातले प्रत्येक साधन झिजते. ते बदलण्याचा विषय परिषदेपुढे येतो तेव्हा मिठाची खरेदी आणि मिरवणुकीचा रस्ता यांच्या मध्ये, संमतीच्या यादीत येतो आणि कोणी वर न पाहता मंजूर होतो. आणि अंदाजपत्रक तोकडे असेल त्या वर्षी तो यादीत येतच नाही.

ही काळजी काल्पनिक नाही हे अलास्काच्या पश्चिम किनाऱ्यावरील हूपर बे या लहानशा वस्तीत मे १९९२ मध्ये जे घडले त्यावरून दिसते. तेथील एका विहिरीच्या पाण्यात फ्लोराइडचे प्रमाण लिटरमागे १५० मिलिग्रॅमपर्यंत चढले, सुमारे ३०० माणसांना विषबाधा झाली आणि एका माणसाचा मृत्यू झाला. पुढे झालेल्या वैद्यकीय तपासात तीन कारणे नोंदवली गेली: वाढलेले आकडे वेळेवर पाहून त्यांवर कारवाई झाली नाही, नियंत्रणाची यंत्रणा भरवशाची नव्हती, आणि तीव्र द्रावण थेट विहिरीत उतरू शकेल अशी वाट जोडणीत राहिली होती. यांतील एकही कारण फ्लोराइड चांगले की वाईट या वादाने सुटणारे नाही. तीनही कारणे झडप, तार, नोंदवही आणि प्रशिक्षित माणसाचा पगार यांच्याशी संबंधित आहेत. लहान गावाने फ्लोराइड घालावे की नाही, याचे प्रामाणिक उत्तर त्या गावाला रोज न चुकता मोजणी करणारा माणूस परवडतो की नाही यावर फार मोठ्या प्रमाणात अवलंबून असते.

त्याच राज्याची राजधानी जूनो हे उदाहरण दुसऱ्या टोकाचे आहे. सुमारे तीस हजार वस्तीचे, बाहेरच्या जगाशी रस्त्याने न जोडलेले हे शहर. तेथील नऊ सदस्यांच्या सभागृहाने बराच काळ चर्चा करून, अभ्यासगट नेमून, अखेर जानेवारी २००७ मध्ये फ्लोराइड बंद केले; ऑक्टोबरमध्ये ते पुन्हा सुरू करण्याचा प्रस्ताव थेट मतदारांपुढे गेला आणि मतदारांनी तो फेटाळला. लोकशाहीची प्रक्रिया म्हणून पाहता त्यात काही उणे काढता येत नाही. परिणाम काय झाला हे मात्र सभागृहाच्या कोणत्याही इतिवृत्तातून कळले नाही. ते कळले गरीब कुटुंबांसाठी असलेल्या मेडिकेड या शासकीय आरोग्ययोजनेच्या देयकांतून: २००३ मधील ८५३ आणि २०१२ मधील १,०५२ मुलांची दंतोपचाराची देयके ताडून पाहणारा अभ्यास डिसेंबर २०१८ मध्ये प्रसिद्ध झाला, आणि फ्लोराइड बंद झाल्यानंतरच्या काळात दंतक्षयावरील उपचारांची संख्या व खर्च वाढलेला आढळला, विशेषतः त्यानंतर जन्मलेल्या मुलांत. मुलांच्या आहारात या काळात काय बदलले हे देयकांवरून सांगता येत नाही, त्यामुळे या अभ्यासाला अंतिम पुरावा म्हणता येणार नाही. तरीही हे महत्त्वाचे वाटते की अकरा वर्षांपूर्वीच्या निर्णयाचे फळ दाखवणारी कागदपत्रे कोणीतरी, वेगळ्याच कारणासाठी, रोजच्या कामाचा भाग म्हणून नीट ठेवलेली होती.

कॅनडातील कॅल्गरी शहर मोठे आहे, पण त्याच्या अनुभवाचा उल्लेख टाळता येत नाही. तेथील परिषदेने २०११ मध्ये फ्लोराइड बंद केले, २०२१ च्या जनमतात सुमारे ६२ टक्के मतदारांनी ते परत आणण्याचा कौल दिला, आणि पाण्यात ते प्रत्यक्ष परत आले जून २०२५ च्या अखेरीस. कौल आणि कृती यांच्यामधील जवळजवळ चार वर्षे प्रामुख्याने यंत्रसामग्री नव्याने उभी करण्यात गेली.

२०२४ पासून वादाची भूमी बदलली आहे. अमेरिकेच्या राष्ट्रीय विषशास्त्र कार्यक्रमाने ऑगस्ट २०२४ मध्ये असा निष्कर्ष मांडला की लिटरमागे १.५ मिलिग्रॅमहून अधिक फ्लोराइड आणि मुलांचा कमी बुद्ध्यंक यांच्यात संबंध असल्याचे मध्यम विश्वासाने म्हणता येते, मात्र ०.७ या पातळीविषयी काही सांगण्याइतकी माहिती उपलब्ध नाही. पुढच्याच महिन्यात कॅलिफोर्नियातील एका संघीय न्यायालयाने पर्यावरण संरक्षण यंत्रणेला या जोखमीची दखल घेण्याचा आदेश दिला. कॉक्रेन या वैद्यकीय पुनरावलोकन संस्थेने त्याच वर्षी असेही दाखवले की फ्लोराइडयुक्त दंतमंजने सर्रास झाल्यापासून पाण्यातील फ्लोराइडचा अतिरिक्त लाभ पूर्वीपेक्षा बराच कमी, दुधाच्या दातांत सरासरी पाव दाताच्या आसपास उरला आहे. पाव दात ही सरासरी आहे, आणि सरासरीत ज्या मुलाला दंतमंजनही मिळत नाही ते मूल दिसत नाही. तरी समर्थकांनी १९४५ चे आकडे आजही तसेच उच्चारणे योग्य नव्हे. २०२५ मध्ये युटा आणि त्यापाठोपाठ फ्लोरिडा या राज्यांनी कायद्यानेच फ्लोराइडीकरण थांबवले. तेथील नगरपरिषदांपुढे आता सुनावणी नाही, दिवे नाहीत, तीन मिनिटे नाहीत. टाकीत उरलेल्या आम्लाची विल्हेवाट लावण्याचा विषय तेवढा राहिला आहे.

ज्या लिपिकाच्या अनुभवावर हे विवेचन आधारलेले आहे, त्याच्या शहरात तिसऱ्या सुनावणीअखेर फ्लोराइड चालू ठेवण्याचा निर्णय एका मताच्या फरकाने झाला. त्यानंतर त्याने व्यवस्थापकाची परवानगी घेऊन एक लहानशी रीत सुरू केली. केंद्राच्या नोंदवहीतील महिन्याचा तक्ता, म्हणजे तीस दिवसांचे तीस आकडे, रोज टाकीतून गेलेले वजन आणि चालकाची सही, हे पान प्रत्येक महिन्याच्या पहिल्या सभेच्या विषयपत्रिकेला परिशिष्ट म्हणून जोडले जाऊ लागले, म्हणजे ते आपोआप सार्वजनिक दप्तराचा भाग झाले. पहिले दोन महिने त्याविषयी कोणी काही बोलले नाही. तिसऱ्या महिन्यात, सुनावणीच्या रात्री विरोधात बोललेल्या एका आईने कार्यालयात येऊन त्या पानाची प्रत मागितली, आणि एका रविवारच्या रकान्यात आकडा का नाही असे विचारले. चालकाने सांगितले की त्या दिवशी मोजणीचे उपकरण बंद पडले होते, आणि ते जुने झाले आहे. पुढच्या सभेत संमतीच्या यादीत सातव्या क्रमांकावर, मिठाच्या निविदेच्या खाली, मोजणीचे नवे उपकरण आणि मात्रा-पंपाची झडप घेण्याचा विषय होता. सभागृहात त्या संध्याकाळी सदस्यांखेरीज चौघेच होते, त्यांत ती आई होती आणि मागच्या रांगेत चालक होता. यादी एकमताने मंजूर झाली, आणि लिपिकाने वेळ लिहिली.